हौद, खोली १॥

८ जानेवारी

साडूभाऊंना नमस्कार.

फोनच केला असता. पण गेल्या वेळी मी 'प्रकृती कशी आहे' विचारलं तर तुम्ही 'परवा येतो' म्हणालात, आणि आला मात्र नाहीत. चाळीस वर्षं दगडावर हातोडा चालवलेल्या कानांना फोन झेपत नाही, हे मान्य. शिवाय विचारायचंय त्यात आकडे आहेत, आणि आकडे कागदावरच बरे.

घर होत आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा आणि मागे बागेसाठी सोडलेली जागा. सध्या तिथे विटांचे तुकडे आणि एक फुटकं घमेलं आहे, पण घरात त्याला 'बाग'च म्हणायचं असा नियम झालाय. नळाला दिवसाआड तासभर पाणी येतं. तेवढ्यात माणसांचं भागेल, झाडांचं नाही. म्हणून छतावरचं पावसाचं पाणी साठवायचं ठरलंय. त्यासाठी मला एक टाकी हवी आहे. चांगली, दणकट, तुमच्या हाताखालून गेलेली. काय करायचं ते कळवा.

एक व्यवस्थेचा मुद्दा. आपण दोघंही बायकोला 'ही' म्हणतो. एका पत्रात दोन 'ही' आल्या की घोटाळा, आणि छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला घोटाळा सोसवत नाही. म्हणून थोरल्या बहिणीला, म्हणजे तुमच्या हिला, 'ताई' लिहू आणि माझ्या हिला 'धाकटी'. त्या बोलत असत्या तर हे पत्र त्यांनीच एकमेकींना लिहिलं असतं आणि आपण निवांत पेपर वाचला असता. पण येत्या मार्चमध्ये त्यांच्या अबोल्याला दोन वर्षं होतील.

तुम्हाला लिहितोय असं धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कशाला उगाच त्रास?" म्हणजे लिहा.

तुमचा,
धाकटा साडू


१७ जानेवारी

अहो तपासनीस,

सोबतच्या पुडक्यात टाकी पाठवली आहे. चांगली आहे, दणकट आहे आणि माझ्या हाताखालून बावीस वर्षं गेलेली आहे. धार नुकतीच लावून घेतलीय, पुडकं सोडताना बोटं सांभाळा.

पाथरवटाला टाकी मागितली की छिन्नीच मिळणार. छपरावर काळं पिंप बसवतात त्याला तुम्ही लोक टाकी म्हणता, म्हणा बापडे. जमिनीत खणून, बांधून काढतात तो हौद. हा शब्द लिहायला शिकलात की पुढचं सांगतो.

तोवर एवढं कळवा. छताची लांबी-रुंदी किती, उतार कुठे, पन्हळ कुठून खाली येणार, जमीन काळी की मुरमाची, आणि जवळ मोठं झाड आहे का. झाडाची मुळं हौदाच्या भिंतीत पाहुण्यासारखी शिरतात, आधी अगदी संकोचाने.

पुडकं बांधताना ताईने विचारलं, कुणाला पाठवताय? म्हटलं, साडूला. म्हणाली, "छिन्नी घेऊन ते काय करणार, लोकांच्या चुका दगडावर कोरणार?" मग दोरी माझ्या हातातून ओढून घेतली, टोकाला चिंध्या गुंडाळल्या. म्हणाली, "कुणाला लागायला नको." आता तुमच्या घरात पुडकी कोण सोडतं हे तिला चांगलं माहीत आहे.

तुमचा,
थोरला


३० जानेवारी

साडूभाऊ,

हौद. हौद. हौद. शाळेत चुकलेला शब्द दहादा लिहून घेत. तीनवर भागवून घ्या.

तुमची टाकी पोचली. धाकटीने ती घेऊन पहिल्याच दिवशी खताचं पोतं फोडलं आणि आता कुणाला हात लावू देत नाही. मापं अशी: छत दहा मीटर लांब, आठ रुंद. उतार मागे बागेकडे. पन्हळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खाली. जमीन वर हातभर काळी, खाली मुरूम. झाड शेजाऱ्यांचं, कुंपणापलीकडे सहा मीटरवर. फळं त्यांना देतं, पानं आम्हाला.

धाकटीने बागेचा नकाशा काढलाय. वाफे, आळी, पायवाट, सगळं आहे. पन्हळीच्या खाली मात्र एक चौकोन कोरा आहे, तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, राहिलाय." गेल्या महिन्यात तिने नकाशा चार वेळा नव्याने काढला. वाफे हलले, पायवाट वळली, चौकोन तेवढाच आणि तिथेच राहिला.

त्या मापाची एकच वस्तू आपल्या माहितीतली. सासूबाईंच्या अंगणातली दगडी डोणी. शाळेतून आल्या की दोघी बहिणी तिच्या पाण्यात पाय बुडवून बसायच्या, आणि कुणाचा पाय कुणाला लागला यावर भांडायच्या. सासूबाई गेल्यावर आपण घर रिकामं केलं, त्या दिवशी दुपारी ती जागेवर होती आणि संध्याकाळी नव्हती. धाकटीला वाटतं, ताईंनी गुपचूप नेली. ताईंना वाटतं, धाकटीने विकून टाकली. ही म्हणाली तूच, ती म्हणाली तूच, आणि तेव्हापासून कुणीच काही म्हणालेलं नाही.

घर तयार होईल, आम्ही राहायलाही जाऊ. पण पहिल्या दिवशी कुणाला बोलवायचं म्हणून मी नावं घ्यायला लागलो, तर प्रत्येक नावाला धाकटी नुसती 'हं' म्हणाली. नावं संपली तरी ती माझ्याकडे बघतच होती. ते एक नाव घ्यायची हिंमत मला झाली नाही. ताई आल्या नाहीत तर ते घर तिला घर वाटणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय.

म्हणून एकदाच सरळ विचारतो. डोणी ताईंनी नेली का? नेली असेल तर नेली, आईचीच होती. नुसतं कळू दे.

तुमचा,
धाकटा साडू


९ फेब्रुवारी

तपासनीस,

मापं मिळाली. सोबत आराखडा आहे. लांबी २, रुंदी २, खोली १॥, सगळं मीटरमध्ये. किती लिटर ते तुम्ही काढा, तुम्हाला हौस आहे.

झाकणाबद्दल नीट लिहितो, कारण लोक हौद बांधतात आणि झाकण विसरतात. झाकण दोन तुकड्यांत हवं. एकसंध झाकण उचलायला चार माणसं लागतात, ती वेळेवर मिळत नाहीत, मग हौद साफ होत नाही.

झाकणाची कड खाली वळलेली हवी, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आत शिरत नाही.

झाकणाला कडी हवी, आणि ती कडी झाकणात बुडवलेली हवी. नाहीतर धाकटी ठेच लागून पडेल आणि नाव माझं निघेल.

दुसरं. पहिल्या सरीचं पाणी हौदात घ्यायचं नाही. छपरावरची सगळी धूळ, पानं, पाखरांचा प्रसाद त्यात असतो. राग आल्यावर तोंडात येणारं पहिलं वाक्य जसं गिळावं, तसं ते पाणी बाहेर सोडून द्यायचं. नंतरचं घ्यायचं. आणि पन्हळ व हौद यांच्या मध्ये गाळ बसायला एक कुंडी हवी. तीन फूट बाय दीड फूट. ती बांधू नका, तेवढी जागा सोडून ठेवा.

ताई विचारत होती, बागेत लिंबू लावणार का. मी म्हटलं, विचारून सांगतो. ती म्हणाली, "मी कुठे विचारायला सांगितलं?"

तुमचा,
थोरला


४ मार्च

साडूभाऊ,

खड्डा झाला. दोन मीटर लांब, दोन रुंद, एक खोल.

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. आराखडा कामगारांच्या हातात देण्याआधी मी एकदा तपासला. सवय. खोलीच्या आकड्यापुढे दोन उभे दंड दिसले. आमच्याकडे दोन दंड म्हणजे श्लोक संपला. हौदाच्या आराखड्यात श्लोक कुठून येणार, म्हणून मी ते खोडले. राहिला एक. गवंडी म्हणाला, "साहेब, उथळ नाही का होत?" मी म्हटलं, "कागदावर आहे तसं करा." काल धाकटी खड्ड्यात उतरून उभी राहिली. कमरेच्या जरा वर आला. म्हणाली, "हा हौद आहे की पाय धुवायची जागा?" आणि मग एकदम वर आली.

पुढे खणायचं तर कडा ढासळतील असं गवंडी म्हणतो. महिनाअखेरपर्यंत तो थांबेल, मग दुसऱ्या कामाला जाईल. पत्रातून हे निस्तरणार नाही. काय करायचं?

आणखी एक. तुम्ही झाकणावर तीन परिच्छेद लिहिलेत, डोणीवर एक अक्षर नाही. मुद्रितं तपासताना काय छापलंय त्यापेक्षा काय गळलंय ते आधी बघायचं असतं. शिवाय गाळाच्या कुंडीचं माप तीन बाय दीड कसं आलं? मीच लिहिलं होतं, खरं. पण मी ते कुंडीचं लिहिलं नव्हतं.

लिंबू लावणार, असं सांगा. ताईंनी विचारलेलं नाही हे ध्यानात ठेवून.

तुमचा,
धाकटा साडू


११ मार्च

तपासनीस,

॥ म्हणजे अर्धा. १॥ म्हणजे दीड. दुधाचं माप, कापडाचं माप, सगळं जग असं लिहीत होतं. अठ्ठावीस वर्षं अक्षरं तपासून पगार घेतलात आणि तुम्हाला हे ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं? कडा ढासळणार नाहीत, फळ्या आणि आडवे दांडे लावून खाली जाता येतं. पण ते उभं राहून करवून घ्यायला हवं. म्हणजे मला यावं लागणार.

आज ताई दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे, दोन तास तरी येत नाही. म्हणून दुसरं लिहितो.

डोणी माझ्याकडे आहे.

त्या दिवशी तुम्ही सगळे आत भांडी बांधत होता. मला वाटलं, डोणी गाडीत चढवावी, घरी नेऊन अंगणात मांडावी आणि मग ताईला दाखवावी. फळी लावली, एकट्याने ढकलली. फळी घसरली. डोणीचे दोन तुकडे झाले. चाळीस वर्षांत हजारो दगड फोडले, पण फोडायचा नव्हता असा एकच, आणि तो सासूबाईंचा. पोत्यांखाली घालून नेली. संध्याकाळी सांगणार होतो. संध्याकाळी दोघी तूच-तूच करत होत्या, मध्ये शिरायला फट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता. मग उशिराचाही उशीर झाला.

तुमचं ते कोऱ्या चौकोनाचं पत्र आलं त्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो आणि पोती काढली. दोन्ही तुकड्यांना भोकं पाडली, लोखंडी आकडे बसवले, शिसं ओतलं. तीन दिवस पाणी भरून ठेवली, थेंब सुटला नाही. सांधा दिसतो. तो मी झाकलेला नाही.

मी डोणी घेऊन येतो. पण ताईला काय सांगू? तुम्ही शब्दांतले माणूस, तुम्हीच सुचवा. म्हणावं का, की एका जुन्या बाजारात सापडली?

तुमचा,
थोरला


१६ मार्च

साडूभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. दोन वर्षांत धाकटीच्या दोन आजारपणांत ताई आल्या नाहीत. ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली, हे तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या एका दगडाचं ओझं दोघींनी वाहिलं.

जुना बाजार वगैरे काही नाही. तुम्ही पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायला सांगितलंत, तसं हे पहिलं सुचलेलं सोडून द्या. ताईंना खरं सांगा, आणि सांगूनच या. मी धाकटीला काही सांगत नाही. ते तुम्ही डोणी खाली उतरवताना सांगायचं, तिच्यादेखत.

न सांगता आलात तर हौद एक मीटरचाच राहील. मी त्यात पाय धुवीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन, आमच्या साडूभाऊंनी आखलाय.

तुमचा,
धाकटा साडू


२४ मार्च

तपासनीस,

सांगितलं.

तिने भाजी निवडायची थांबवली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." तेहेतीस वर्षांच्या संसारात तिचं इतकं छोटं वाक्य मी ऐकलेलं नाही. दोन दिवस मी घाबरून आहे.

आज सकाळी बघतो तर बॅग भरून दाराशी ठेवलेली. दोघांची. वर लिंबाचं एक रोप, ओल्या कापडात मुळं गुंडाळलेलं.

गुरुवारी दुपारी पोचतो. गाडीतून डोणी उतरवायला चार माणसं बघून ठेवा. या वेळी मी एकटा ढकलणार नाही.

थोरला


१४ एप्रिल

प्रिय धाकटे,

पोचलो. प्रवास ठीक झाला. हे अजून तुमच्या हौदाच्या भिंती आठवून खूश होतात आणि मला गिलाव्याबद्दल सांगतात. मी ऐकते, कारण सध्या यांना बोलायची मुभा दिलेली आहे.

गाडीपाशी उभं राहून यांनी तुला सगळं सांगितलं, तेव्हा तू यांच्याकडे पाहिलंच नाहीस. त्या सांध्यावरून बोट फिरवत राहिलीस. मग चौघांनी डोणी उचलली आणि तू म्हणालीस, "जरा डावीकडे." मी म्हणाले, "डावीकडे काय, पन्हळ उजवीकडे आहे." दोन वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य, आणि त्यातही मी तुझी चूक काढली. त्यानंतर आठ दिवस आपण बोललो, पण सगळं डोणी, हौद आणि लिंबू यांवरच. खरं बोलायचं होतं ते माझ्या घशात राहिलं. तुझा चेहरा बघून वाटलं, आता कशाला मोडता घालू. म्हणून लिहिते.

मला माहीत होतं. यांनी सांगितलं म्हणून नव्हे. घर रिकामं केलं त्याला तेव्हा सहा महिने झाले असतील, शिडी काढायला मी मागच्या शेडमध्ये गेले होते. पोती सरकवली तर खाली डोणी, दोन तुकड्यांत. सगळं तिथेच कळलं. पोती होती तशी ठेवली आणि शिडी घेऊन आले.

आधी वाटलं, हे आज सांगतील, उद्या सांगतील. मग वाटलं, मी बोलले तर तुझ्यापुढे यांची मान खाली जाईल. स्वतःला असलं बरंच काही सांगितलं. खरं इतकंच, की मी तुला आईची वस्तू विकणारी म्हणाले होते आणि ते परत घ्यायला माझी जीभ वळत नव्हती. तुझा दोष नाही हे ठाऊक असून दीड वर्ष मी तशीच बसले. यांनी दोन वर्षं दगड लपवला. मी दीड वर्ष यांचं लपवणं लपवलं. म्हणून यांनी सांगितलं तेव्हा 'बरं' शिवाय मला काही म्हणता आलं नाही. यांना वाटतं मी रागावले. वाटू दे थोडे दिवस.

तुला राग आला असेल तर लिही. नसेल आला तरी लिही.

ताई


२० एप्रिल

ताई,

राग आला. पत्र वाचून मी उठले आणि तुझ्या लिंबाला पाणी घालायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी घातलं. त्याची काय चूक.

तू दोघांचं लपवणं मोजलंस, पण तिसरं राहिलं. आमच्या यांना १॥ वाचता येत नाही असं तुम्हाला खरंच वाटलं? यांना दीडकीचा पाढा झोपेतून उठवून विचारला तरी येतो. गवंड्याने मला परवा सांगितलं. हे त्याला म्हणाले होते, "तूर्त एकच मीटर खणा, उरलेलं आमचे साडूभाऊ आल्यावर." चूक केल्याशिवाय तुम्ही येणार नाही असा यांचा हिशेब होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एक स्वतः करून बघितली. भाऊजींना सांगू नकोस. ते यांना अजून अडाणी समजतात आणि त्यामुळे हौदाबद्दल रोज एक पत्र येतं. यांना ती आवडतात.

हौदाला कालच गवंड्याने शेवटचा हात दिला. भरायला पाऊस अजून लांब आहे. डोणीत मात्र मी नळाचं दोन बादल्या पाणी घातलं आणि पाय बुडवून बसले. एकटीला ती फार मोठी होते, ताई. सांधा पायाला लागतो. ज्या बाजूला लागतो ती तुझी.

आता आपला हिशेब. अबोला दोन वर्षांचा. त्यातले पहिले सहा महिने दोघींचे, ते सोडून दे. उरलं तुझं एकटीचं १॥ वर्ष. आमच्या घरातल्या तपासनिसांच्या पद्धतीने मी त्यापुढचे दोन दंड खोडले आहेत. राहिलं एक.

त्या एका वर्षाचं भांडण पत्रातून होणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत ये.

धाकटी